कोष्टकातील घर आणि लेखातील आकडा : एक अभ्यासपाठ

प्रस्तावना

आपल्या संघाच्या सभासदांपैकी अनेक जण आता आपल्या रुग्णपत्रिकांची नोंद संगणकावर ठेवू लागले आहेत. औषधनिर्माते बंधू प्रत्येक घाण्याचे तपासणी अहवाल जपून ठेवतात. या नोंदींतून संख्याशास्त्रीय सारांशाची कोष्टके तयार होतात आणि त्यांतील निवडक आकडे लेखात, अहवालात किंवा माहितीपत्रकात उतरवले जातात. कोष्टक कसे करावे, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोष्टकाच्या एका घरातील आकडा लेखाच्या वाक्यापर्यंत पोहोचतो कसा आणि त्या वाटेत बिघडतो कसा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत पाठात तेवढाच विषय घेतला आहे.

हा विषय घेण्यास कारण घडले ते आमच्याच चुकीचे. काही काळापूर्वी आम्ही काही सहकाऱ्यांसह संधिगत वाताच्या रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. समजण्यासाठी आकडे सोपे करून सांगतो. रुग्ण ३०, त्यांपैकी लक्षणीय उपशय १८ जणांस, म्हणजे ६० टक्के. लेख लिहून झाल्यावर दोन रुग्णांची नोंद दोनदा झाल्याचे आढळले. त्या दोन जादा नोंदी काढून कोष्टक पुन्हा केले. रुग्ण २८, उपशय १६, म्हणजे ५७ टक्के. कोष्टक सुधारले, पण लेखाच्या समारोपातील "६० टक्के रुग्णांस" हे शब्द तसेच राहिले. दारव्ह्याकडील एका औषधनिर्मात्याने तो आकडा आपल्या माहितीपत्रकात घेण्यापूर्वी कोष्टकाशी ताडून पाहिला, म्हणून चूक उघड झाली. त्यांनी ताडून पाहिले नसते, तर आमच्या हलगर्जीपणाचा आकडा त्यांच्या नावावर छापला गेला असता. औषधाविषयी दिशाभूल करणारी जाहिरात हा औषधिद्रव्ये व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिरात) अधिनियम, १९५४ खाली गुन्हा आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. तीन टक्क्यांचा फरक लहान वाटतो, परंतु ज्या लेखात एक आकडा कोष्टकाशी जुळत नाही त्यातील उरलेल्या आकड्यांवर वाचकाने का विश्वास ठेवावा, या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मूल्य आणि रूप

कोष्टकाच्या घरात दिसते ते आणि घरात असते ते, या दोन भिन्न गोष्टी आहेत. द्रव्य एकच असले तरी त्याचे चूर्ण, क्वाथ, अवलेह अशा निरनिराळ्या कल्पना होतात. त्याचप्रमाणे मूल्य एकच असते आणि त्याची रूपे अनेक होतात. उदाहरणार्थ, १९३ पैकी ४० ही मूळ मोजणी. तिची शेकडेवारी २०.७२५३... अशी लांबत जाते. कोष्टकात ती "२०.७%" अशी दिसते, दुसरीकडे "४० (२१%)" अशी, तिसरीकडे "४०/१९३" अशी. रूप हे वाचकासाठी असते, तर गणित नेहमी मूल्यावर करावयाचे असते. रूपावर गणित केले की चूक झालीच म्हणून समजावे.

वरील आकडे काल्पनिक नाहीत. २००८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात सेपर व सहकाऱ्यांनी महाजालावरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध केली. शिसे, पारा किंवा सोमल आढळलेल्या औषधांचे प्रमाण २०.७ टक्के होते आणि त्याचे ९५ टक्के विश्वास-अंतराल १५.२ ते २७.१ होते. अमेरिकेत निर्मित औषधांत हे प्रमाण २१.७ टक्के, तर भारतात निर्मित औषधांत १९.५ टक्के होते, म्हणजे दोहोंत अर्थपूर्ण फरक नव्हता (पी = ०.८६). रसौषधींत मात्र ते ४०.६ टक्के आणि इतर औषधांत १७.१ टक्के होते (पी = ०.००७). आपल्या व्यवसायास झोंबणारा हा अभ्यास पुढे असंख्य ठिकाणी उद्धृत झाला. सर्वसाधारण चर्चेत त्यातून "पाचपैकी एक औषध" एवढेच उरते. विश्वास-अंतराल गळते, देशांतील तुलना गळते आणि रसौषधी व इतर औषधे हा भेदही गळतो. एका घरातून आकडा उचलताना त्याच्या सोबतचे अंक मागे ठेवले, तर खरा आकडाही अर्धसत्य होतो. दुसऱ्याने आपल्या शास्त्राविषयी असे केले तर आपणांस राग येतो, म्हणून आपण इतरांचे आकडे उचलताना तीच काळजी घेतली पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्याच्या तथ्यपत्रकाचा धडा

घराच्या रूपात किती अर्थ दडलेला असतो, याचे उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीपासून (२०१५-१६) जिल्हावार आकडे मिळू लागले. पाचव्या फेरीत (२०१९-२१) यवतमाळ जिल्ह्याचेही तथ्यपत्रक निघाले आणि त्यात दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी दिले आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या या सर्वेक्षणाच्या तथ्यपत्रकांत काही घरांतील आकडा कंसात असतो, काही घरांत केवळ तारांकन असते. तळटीप वाचल्यावर उलगडा होतो. कंसातील आकडा २५ ते ४९ एवढ्याच नोंदींवर आधारलेला असतो. तारांकनाच्या ठिकाणी नोंदी २५ पेक्षाही कमी असल्याने शेकडेवारी दिलेलीच नसते.

आता एखाद्या वैद्याने हे कोष्टक एक्सेलमध्ये टंकलिखित केले, तर काय होते ते पाहावे. "(४५.३)" असा आकडा इंग्रजी अंकांत लिहिला की एक्सेल त्यास उणे ४५.३ समजते. हिशेबनिसांच्या जगात कंस म्हणजे तोटा, आणि एक्सेल त्याच जगातून आलेले आहे. "आर" या संगणकभाषेतील पार्स_नंबर हे फलन वापरले तर कंस गळून नुसते ४५.३ उरते, म्हणजे चिन्ह बरोबर येते परंतु "नोंदी थोड्या आहेत, जपून वापरा" ही सूचना नाहीशी होते. तारांकनाचे घर रिकामे होते आणि घाईत कोणी रिकाम्या घरी शून्य भरले, तर "माहिती पुरेशी नाही" याचे "असा एकही नाही" होऊन बसते.

झरी-जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावर शिबिर घेणाऱ्या वैद्यास हा भेद विशेष जाणवेल. तेथे तपासलेली मुले वीस-पंचवीसच असतात. अशा संख्येवर काढलेली शेकडेवारी एका मुलाने चार-पाच टक्के वर-खाली होते. म्हणून तिच्यासोबत मूळ मोजणी दिलीच पाहिजे. सर्वेक्षणाने कंसाची जी शिस्त पाळली, तीच आपण शिबिराच्या अहवालात पाळावी, असे आम्हांस वाटते.

अंकांची आणखी एक अडचण सांगतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ आहे. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिलेला हा आकडा संगणकाच्या दृष्टीने अक्षरांची माळ असते. स्वल्पविराम काढल्याशिवाय "आर" किंवा "पायथन" त्यास संख्या मानीत नाही. देवनागरी अंक असतील तर पायथन ते समजून घेते, "आर" मात्र त्या घरास "माहिती नाही" असे ठरवते. म्हणून मूळ नोंदवहीत अंक एकाच लिपीत, स्वल्पविरामाविना ठेवावेत. छापण्याच्या वेळी हवे ते रूप द्यावे.

औषधनिर्मात्यांसाठी : "पेक्षा कमी" या चिन्हाचा अर्थ

वनस्पतिज औषधांतील जड धातूंची मर्यादा शिसे १०, सोमल ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष अशी आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात पुष्कळदा "< ०.५" असे घर असते. त्याचा अर्थ, उपकरणास ०.५ पेक्षा कमी मोजता आले नाही. ते शून्य नव्हे, आणि ०.५ ही नव्हे.

समजा, तीन घाण्यांतील शिशाचे आकडे "< ०.५", २.१ आणि १.६ असे आले. पहिले घर अक्षरांचे म्हणून संगणकाने गाळले, तर माध्य १.८५ येते. ते शून्य मानले तर १.२३. चिन्ह गळून ०.५ उरले तर १.४०. एकाच अहवालातून तीन माध्ये निघाली आणि कोणते कसे निघाले हे लेखात कोठेच लिहिलेले नाही, अशी स्थिती होते. म्हणून अशा घराचे दोन स्तंभ करावेत. एकात अंक, दुसऱ्यात चिन्ह. मग कोणता नियम लावला ते स्पष्ट लिहिता येते.

याहून महत्त्वाचे असे की, कॅडमियमच्या घरात "< ०.५" असेल तर औषध मर्यादेत आहे असे सिद्धच होत नाही, कारण मर्यादा ०.३ आहे. घरातील आकडा लहान दिसतो म्हणून समाधान मानणारा निर्माता येथे फसतो. अशा वेळी अधिक सूक्ष्म मापनाची प्रयोगशाळा शोधावी.

मात्रेच्या घराविषयीही सावध असावे. "३-६" ग्रॅम ही मात्रा एक्सेलमध्ये तशीच लिहिली तर तिची ३ जून ही तारीख होते. हा दोष केवळ आपल्याच वाट्यास आलेला नाही. संगणक नावांच्या तारखा करतो म्हणून २०२० साली मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीस काही जनुकांची नावेच बदलावी लागली. आपण निदान स्तंभ आधी "मजकूर" या प्रकाराचा करून घ्यावा, किंवा किमान व कमाल मात्रा दोन स्तंभांत लिहावी. परिमाण स्तंभाच्या शीर्षकात असावेच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत तोळा १२ ग्रॅमचा धरला आहे. मागध व कालिंग मानांचा भेद ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांस परिमाणाविना अंक किती घातक, हे वेगळे सांगावयास नको.

घरातील आकडा वाक्यात आणण्याची रीत

आकडा हाताने पुन्हा लिहू नये, हा पहिला नियम. कार्यक्रमाने तो कोष्टकातून स्वतः उचलावा. शब्द आणि गणित एकाच लिखाणात गुंफण्याची कल्पना डोनाल्ड नूथ यांनी १९८४ साली मांडली. "आर" भाषेत ती २००२ साली फ्रेडरिक लाइश यांच्या "स्वीव्ह" या साधनाने आली. आज "आर मार्कडाउन" व "क्वार्टो" ही साधने तेच कार्य सुलभतेने करतात. "आर" विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावरही चालते.

"आर" मध्ये "जीटी-समरी" नावाचा संच आहे. त्यातील दोन फलने आपल्या उपयोगाची. टीबीएल_समरी हे फलन मूळ नोंदींपासून कोष्टक तयार करते, तर इनलाइन_टेक्स्ट हे फलन त्या कोष्टकातील एका घराचे छापील रूप वाक्यात आणून देते. संगणकावर ही नावे रोमन लिपीत लिहावयाची असतात. येथे उच्चारानुसार देतो.

कोष्टक <- टीबीएल_समरी(नोंदी, बाय = गट)
इनलाइन_टेक्स्ट(कोष्टक, व्हेरिएबल = वय, कॉलम = "गट अ")

दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की, "वय" या ओळीतील "गट अ" या स्तंभाचे घर आणा. घर "तिसरी ओळ, दुसरा स्तंभ" अशा क्रमांकाने न मागता नावाने मागितले, हे ध्यानात घ्यावे. उद्या कोष्टकात "प्रकृती" ही नवी ओळ वर आली तर क्रमांक बदलतील आणि वयाच्या जागी भलताच आकडा मुकाट्याने येऊन बसेल. नाव बदलत नाही, आणि नाव चुकले तर संगणक थांबून तक्रार करतो. मुकाट्याने चुकण्यापेक्षा थांबणारा सहायक केव्हाही बरा.

या संचाचे काही पूर्वग्रह आहेत. ते न जाणता घर उचलणे धोक्याचे.

१. संख्यात्मक बाबीसाठी तो मध्यगा आणि कंसात पहिले व तिसरे चतुर्थक देतो. "४६ (३७, ६०)" हे पाहून पुष्कळ जण माध्य व विश्वास-अंतराल समजतात. आपणांस माध्य व प्रमाण विचलन हवे असल्यास तसे आधीच सांगावे लागते.

२. दहापेक्षा कमी भिन्न अंक असलेली बाब तो प्रकारवाचक समजतो. आपल्या अभ्यासांत शूल, स्तंभ, शोथ ही लक्षणे ०, १, २, ३ अशा श्रेणींनी मोजली जातात. त्यांचे कोष्टकात चार वर्ग होतात आणि प्रत्येकात संख्या व शेकडेवारी येते. अशा वेळी घर मागताना कोणता वर्ग, हेही "लेव्हल" या नावाने सांगावे लागते.

३. नोंद नसलेले रुग्ण तो वेगळ्या ओळीत दाखवतो आणि शेकडेवारी काढताना त्यांस वगळतो. म्हणून छेद नेहमी पाहावा. "पॅटर्न" या पर्यायाने "१६/२८ (५७%)" असे रूप मागता येते, आणि लहान अभ्यासांत हेच रूप आम्ही सुचवू.

४. पी-मूल्य अतिसूक्ष्म असल्यास घरात "<०.००१" येते. ती अक्षरे आहेत, संख्या नव्हे. काही संगणक-प्रणाली ".०००" असे छापतात आणि आपले लेखक "पी = ०.०००" असे उतरवतात. संभाव्यता शून्य नसते, "पी < ०.००१" असेच लिहावे.

चतुर्थक काढण्याच्याही अनेक पद्धती आहेत. "आर" मध्येच नऊ आहेत. १, २, ३, ४ या चार अंकांचे पहिले चतुर्थक एका पद्धतीने १.७५, तर दुसरीने १.५ येते. "आर" चे मूळ फलन २.५ चे पूर्णांकन २ करते, एक्सेल ३ करते. दोन प्रणालींत किंचित भिन्न आकडे आले तर घाबरून जाऊ नये. मात्र कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती वापरली, हे लेखात नोंदवावे, आणि एकाच लेखात दोन प्रणालींचे आकडे मिसळू नयेत.

ज्यांस "आर" शिकण्यास सवड नाही

ज्यांचे काम एक्सेलवरच चालते त्यांनी पुढील पथ्य पाळावे. मूळ नोंदींचे पान वेगळे ठेवून त्यावर नोंदीखेरीज काही करू नये. सारांशाचे पान सूत्रांनी तयार करावे. वाक्यात जाणाऱ्या आकड्यांसाठी तिसरे पान करावे आणि त्यात "इंडेक्स" व "मॅच" या फलनांनी ओळीचे व स्तंभाचे नाव देऊन घर आणावे. छापील रूपासाठी "टेक्स्ट" हे फलन वापरावे. लेखात आकडे त्या तिसऱ्या पानावरूनच घ्यावेत. मूळ नोंद बदलली की तिसरे पान आपोआप बदलते. मग छपाईपूर्वी एका सहकाऱ्याने लेख वाचावा आणि दुसऱ्याने तिसरे पान हातात घेऊन प्रत्येक आकड्यापुढे खूण करावी. आमची चूक पकडणाऱ्या त्या औषधनिर्मात्याने नेमके हेच केले होते, आणि त्यास संगणकही लागला नव्हता.

स्वाध्याय

१. शिबिराच्या अहवालात "(३२.०)" असे घर आहे. तळटिपेत कंसाचा अर्थ नाही. हा आकडा लेखात घ्यावा काय?
२. प्रयोगशाळेने पाऱ्याच्या घरात "< २" लिहिले आहे. औषध मर्यादेत आहे असे छापता येईल काय?
३. ४१ रुग्णांपैकी एकाची नोंद अपुरी आहे. उपशय २० जणांस. कोष्टकात ५० टक्के आले. छेद कोणता?

उत्तरे : पहिल्यात, मूळ मोजणी मिळाल्याशिवाय घेऊ नये. दुसऱ्यात, येणार नाही. मर्यादा १ आहे आणि मापन तेथवर पोहोचलेलेच नाही. तिसऱ्यात, छेद ४०; वाक्यात "२०/४०, एकाची नोंद अपुरी" असे लिहावे.

उपसंहार

रुग्णाची नाडी पाहताना आपण जी सावधता बाळगतो, तीच त्याच्या नोंदीतून निघालेल्या आकड्याविषयी बाळगली पाहिजे. कोष्टकाच्या घरात जो आकडा असतो तो एखाद्या रुग्णाच्या दुखण्याचा किंवा एखाद्या घाण्यातील शिशाचा असतो. तो वाचकापर्यंत जसाच्या तसा, त्याच्या कंसासह आणि चिन्हासह पोहोचविणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. आमच्या त्या लेखाची दुरुस्ती आम्ही केली. तेव्हापासून संघाकडे येणाऱ्या प्रत्येक लेखासोबत मूळ कोष्टक मागण्याचा आम्ही आग्रह धरतो. सभासद वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधनिर्मात्यांनी याकडे अविश्वास म्हणून न पाहता पथ्य म्हणून पाहावे, एवढीच विनंती.